दुभाषी, वय वर्षे नऊ

शुक्रवारी दुपारी, रामनगरच्या बसस्टँडसमोरच्या वासूशेटच्या टायपिंगच्या दुकानात, गुणाची बोटं एका ओळीवर येऊन थांबली ती थांबलीच. समोर जंगलखात्याच्या कारकुनाने आणून दिलेला कागद होता. कानडीत, घोटीव अक्षरात लिहिलेला. चार प्रती सोमवारच्या आत पाहिजेत असं तो दोनदा बजावून गेला होता. करंजगाळच्या लोकांचा जबाब. बाजारकुणंगच्या पलीकडच्या रानातली बावीस घरं खात्याला मोकळी करून हवी होती, आणि त्या घरांतली माणसं जबाबात म्हणत होती की आम्ही ही जागा सोडून सरकार देईल तिथे राजीखुशीने जायला तयार आहोत. तारीख येत्या सोमवारची. म्हणजे विचारायचं सोमवारी होतं आणि उत्तर शुक्रवारीच टाइपाला आलं होतं. याचं गुणाला नवल वाटलं नाही. दोन वर्षांत या दुकानात तिने असली आयती उत्तरं पुष्कळ बडवली होती. बोटं अडली ती अगदी खालच्या ओळीवर. दुभाष्याचे नाव, असं लिहून पुढे नुसती टिंबं टाकली होती आणि टिंबांखाली पेन्सिलीने बारीक खूण होती: शाळेतलं पोर, तिथे गेल्यावर विचारून भरणे. बाहेर गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकने हॉर्न दिला तसं वासूशेटने पेपरातून डोकं काढून विचारलं, काय गं, रिबन संपली काय? तिने मान हलवली. मग मशीनमधले चारही कागद ओढून बाहेर काढले, त्यांत पाचवा कागद आणि चौथा कार्बन घातला, आणि पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. अक्षरं इतक्या जोराने उठत होती की वरच्या कागदाला भोकं पडायची बाकी होती.

ती टिंबांची जागा तिला ठाऊक होती. बारा वर्षांपूर्वी वाफोळीच्या जबाबात तिथे तिचं नाव होतं. कु. गुणा, वय वर्षे नऊ, इयत्ता तिसरी. दहावी झाल्यावर कचेरीत जाऊन तिने तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि मोठ्या माणसांचे सगळे अंगठे डागांसारखे फिस्कटलेले असताना आपलंच तेवढं नाव स्वच्छ, वळणदार, कुणालाही वाचता यावं असं लिहिलेलं पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. दिग्गी गावाच्या अंगाला डोंगराच्या कुशीत बारा घरांची वाफोळी. जीप तिथवर येत नसे, त्या दिवशी मात्र ओढ्यापर्यंत आली होती, आणि साहेब पुढचं चालून आला म्हणून अप्पाने, म्हणजे गुणाच्या बापाने, स्वतः घोंगडं झटकून अंथरलं होतं. अप्पा वाफोळीचा बुधवंत. गावाच्या वतीने बोलायचं, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, भांडण तोडायचं, सगळं त्याच्याकडे. पण साहेब कानडीत बोलू लागला तसा अप्पा हात जोडून म्हणाला, आमास्नी कानडी येत न्हाई सायेब, आमची पोर शाळंला जातीय, ती सांगंल. आणि तिला पाठीवर हात ठेवून पुढे सारलं. तो हात तिला अजून आठवतो. केवढा अभिमान वाटला होता तिला त्या हाताचा! केस ओले करून विंचरले होते, परकराची गाठ नीट होती, आणि सगळी वाफोळी, नाकाने कांदे सोलणाऱ्या फुलाकाकीसकट, तिच्या तोंडाकडे बघत होती. साहेब बराच वेळ बोलला. तिसरीतल्या पुस्तकात अज्ज म्हणजे आजोबा होता, आने म्हणजे हत्ती होता, मळे म्हणजे पाऊस येत होता. साहेबाच्या बोलण्यात यातलं काहीच येत नव्हतं. तिच्या कानांत गरम वारं भरल्यासारखं झालं. आणि मग शेवटी, भर गर्दीत मामा दिसावा तसा, तिच्या ओळखीचा एक शब्द आला. राजीखुशी. राजीखुशियिंद होगतीरा, असं काहीतरी म्हणून साहेब थांबला आणि तिच्याकडे बघायला लागला.

राजीखुशी तर पाहुणा दारात आल्याबरोबर विचारतात. राजीखुशी हाय न्हवं? हाय, राजीखुशी हाय. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी आधी राजीखुशी म्हणायचं, पाणी द्यायचं, मग हळूच दुखणं सांगायचं. ही रीत. पाहुण्याला तोंडावर न्हाई म्हणणारं माणूस वाफोळीत जन्मलं नव्हतं. गुणा वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, सायेब राजीखुशी इचारत्यात. आणि बाराच्या बारा घरांनी हात जोडले, माना डोलावल्या, हाय हाय, राजीखुशी हाय, समदी राजीखुशी हाय. तिची आई, बायसुद्धा. धाकट्या लखूला चार दिवस ताप होता, त्याला खांद्यावर घेऊन बाय म्हणाली, राजीखुशी हाय सायेब. साहेबाला बरं वाटलं. त्याने गुणाच्या गालाला हात लावला, जाणे हुडुगी म्हणाला, म्हणजे हुशार मुलगी, आणि शाईचा डबा उघडायला सांगितलं. अंगठे उमटले. नाचणी कापणीला आली असताना तीन ट्रक आले. उभं पीक तिथंच राहिलं.

मग रामनगरच्या बाहेर माळावरची कॉलनी. पत्र्याच्या दोन रांगा, घरांना नावं नाहीत, नंबर. जमीन दिली ती अशी की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. पहिल्याच आठवड्यात माणसं भानावर आली आणि हे कसं झालं याचा शोध लागला. शोध लागायला वेळ लागला नाही. पाराच्या जागी एक तुटका नळ होता, तिथे सगळे जमले होते, आणि भिकाजी म्हणून एक तापट म्हातारा होता त्याने अप्पाची गचांडी धरली. अप्पाने ती सोडवूनही घेतली नाही. नुसता म्हणाला, पोरीनं सांगितलं तसं आमी बोललो. एवढंच वाक्य. गुणा तिथेच घागर घेऊन उभी होती. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या, जशा त्या दिवशी वळल्या होत्या, आणि अप्पाच्या गळ्यावरचा भिकाजीचा हात सुटला. त्या दिवसापासून तिचं नाव गेलं. राजीखुशी आली बघा. राजीखुशीला पाणी भरू द्या गं आधी, न्हाई तर सायबाला सांगंल. पोरं खेळात घेत नव्हती असं नाही, घेत होती, पण तिला साहेब करून मधे बसवत होती आणि सगळी मिळून हात जोडत होती. बाय चौथ्या वर्षी वारली. शेवटचे दोन महिने तिला वाफोळीची नाचणी खावीशी वाटत होती, ही नाचणी तिला नको होती, आणि दिवस करायला जमलेल्या बायकांत कुणीतरी, तोंड खाली घालून का होईना, म्हणालंच की पोरीनं तेवढं नीट सांगितलं असतं तर ही आज आपल्या घरात मेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पण गुणाला तेव्हा चोर माहीत नव्हता. तिला स्वतःलाच फाशी योग्य वाटत होती. ती कानडी शिकत सुटली. व्याकरण, कायद्याची कानडी, तहसीलदार कचेरीची कानडी, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा. जणू पुरेशी कानडी आली की तो एक शब्द मागे जाऊन दुरुस्त करता येणार होता.

त्यातूनच लोकांना कागद वाचून दाखवण्याचं काम सुरू झालं, आणि कुणी समाजकार्य वगैरे म्हटलं की तिला हसू यायचं. तिला लोकांचं भलं वगैरे करायचं नव्हतं. तिला फक्त न वाचलेल्या कागदावर अंगठा बघवत नव्हता. दुकानात अर्ज घेऊन आलेल्या बाईला ती आधी अर्ज मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची, बाई कंटाळली तरी, वासूशेट खेकसला तरी. मग बाजारकुणंगचा परशू येऊन मिळाला. बांबूची एक काठी तोडली म्हणून त्याच्या बापाला त्याच्यासमोर उठाबशा काढायला लावल्या होत्या, आणि बाप उठाबशा काढताना हसत होता, ते हसणं परशूला विसरता येत नव्हतं. मग तुळजा. ती आश्रमशाळेतून सहावीत पळून आलेली. तिच्या अंगावर कुणी ओरडलं की अजूनही तिचे हात आपोआप कानांकडे जात. तिघांचं वय बेरीज करून साठाच्या घरात. रविवारी मिळेल त्या बसने, नाही तर पायी, वस्त्यांवर जायचं, लोकांनी पेट्यांतून, आढ्यातून काढलेले कागद वाचून दाखवायचे, आणि वाचल्याबिगर अंगठा न्हाई एवढं एकच सांगायचं. लोक त्यांना वाचणारी पोरं म्हणत. चहा देत, गूळ देत, आणि कागदाचं ऐकून घेऊन पुन्हा आढ्यात खोचत. याचा गुणाला इतका राग यायचा की परत येताना ती परशू-तुळजाशी बोलत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी पाचवी प्रत पिशवीत घालून ती परशूला गाठायला गेली. परशूला जबाबाचं आश्चर्य वाटलं नाही. सोमवारी साहेब येणार हे करंजगाळात सगळ्यांना माहीत होतं. त्याने आणि तुळजाने नागू बुधवंताला दहादा सांगितलं होतं की स्वतः बोला, कागद वाचून मागा. नागू हो हो म्हणाला आणि शेवटी म्हणाला, आमास्नी कानडी येत न्हाई, केशर सांगंल. केशर म्हणजे त्याची नात. तिसरीत. फार हुशार पोर, परशू म्हणाला, पाढे म्हणते तीसपर्यंत. गुणा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ऐकत होती, बोट पांढरं झालं तरी गुंडाळत होती. नागूला कानडी येत नाही. हा नागू दर मंगळवारी शिकेकाई आणि मध घेऊन हल्याळच्या बाजारात बसतो, कानडीत भाव करतो, कानडीत शिव्या देतो, गेल्या जत्रेत कानडी नाटकातल्या राजाला खाली बसून भाषण आठवून दिलं होतं त्याने. सायबापुढं कानडी विसरायची, हा तर इथला जुनाच शहाणपणा. जे कळलं नाही त्याचा जाब कोण विचारणार? सगळे विसरतात. भिकाजी विसरायचा. फुलाकाकी विसरायची. आणि अप्पा. पुढे परशू काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. अप्पाच्या खांद्यावर बसून ती लहानपणी हल्याळला जायची. खांद्यावरून खालचा आवाज कसा घुमत येतो, पोटातून आल्यासारखा, तो तिला आत्ता ऐकू आला. अप्पाचा आवाज. बेडा, बेडा, अष्टु बेडा. नको, एवढं नको. घासाघीस चालली होती. कानडीत.

दोन आणि दोन चार. बारा वर्षं तिने ती बेरीज केली नव्हती. एवढी कायद्याची कानडी शिकली, पण खांद्यावर बसून ऐकलेली कानडी तिला आठवली नव्हती. कदाचित आठवायची नव्हती. स्वतःची चूक असली की निदान माणसाला बाप तरी राहतो.

रविवारी सकाळी ती कॉलनीत गेली. अप्पा दारात बसून टोपली विणत होता. आताशा तो टोपल्याच विणायचा, कुणी मागितल्या नसल्या तरी. तिने पाणी प्यायलं, उंबऱ्यावर बसली, आणि साहेबाने त्या दिवशी काय विचारलं होतं ते विचारलं. कुठल्या दिवशी असं अप्पाने विचारलं नाही. कामटी वाकवून दुसऱ्या कामटीखाली घातली.

"जातासा काय म्हणून इचारलं," तो म्हणाला. "तेवढं कळतंय की."

"मग बोलला का न्हाईसा?"

"सायबाला न्हाई म्हणायचं म्हंजे काय असतंय तुला ठावं न्हाई. बंदूक हुती संगं." त्याने आणखी एक कामटी घातली. "आनि मला वाटलं, उद्या कागुद मोडायचा झाला तर म्हणता यील, पोरीला समजलं न्हाई. ल्हान पोर. पोराची चूक कोण धरतंय?"

गुणाने त्याच्या हातांकडे पाहिलं. त्याच हातांपैकी उजवा त्या दिवशी तिच्या पाठीवर होता, आणि तिला पुढे सारत होता, आणि ती फुगून गेली होती. त्याने दार करून ठेवलं होतं मागच्या बाजूला, पळून जायला, आणि ते दार म्हणजे ती. पण सगळी वाफोळी त्या दारातून निघून गेली आणि दार तेवढं मागे राहिलं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लाथा खायला. कागद मोडला नाही कुणी. कुणी कचेरीत गेलंच नाही. मोडली ती पोरगी, आणि पोराची चूक कोण धरतंय म्हणणारा हा माणूस बारा वर्षं नळावर, बायच्या दिवसांना, दिवाळीला, मूग गिळून बसला. तिला त्याचा खून करावासा वाटला. खरोखर वाटला, शब्द म्हणून नाही. ती टोपली उचलून त्याच्या तोंडावर फेकावी आणि पाय देऊन उभं राहावं. आणि त्याच वेळी त्याच्या मानेवरची सैल कातडी दिसत होती, आणि तो घाबरलेला होता, आत्ताही, तिलाच, जसा तेव्हा साहेबाला. घाबरलेल्या माणसाचा इतका राग येतो हे तिला माहीत नव्हतं. ती त्याला सांगायला आली होती की उद्या करंजगाळला चला, तुम्ही एक बुधवंत दुसऱ्या बुधवंताला सांगा. ती ते बोललीच नाही. जाते म्हणून उठली. अप्पाने मान खाली घालूनच विचारलं, जेवतीस न्हवं? ती चपला घालून रस्त्याला लागली.

सोमवारी वासूशेटला न सांगता ती पहिल्या बसने गेली. पुढचे दोन तास पायी. तुळजा बरोबर होती, परशू आधीच पुढे गेला होता. करंजगाळच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत घोंगडं अंथरलेलं होतं, आणि साहेब आलेला होता. तरुण होता, चेहऱ्याने वाईट नव्हता, उन्हाने लाल झालेला, आणि कारकून शेजारी फाइल मांडीवर घेऊन बसला होता. त्याने गुणाला ओळखलं आणि नजर फाइलीत घातली. माणसं उकिडवी बसली होती, बायका मागे. नागू बुधवंत हात जोडून उभा होता. आमास्नी कानडी येत न्हाई सायेब, असं त्याचं म्हणून झालेलं असणार, कारण त्याचा उजवा हात आता केशरच्या पाठीवर होता. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शाळेचा झगा. पोरगी फुलून गेली होती. साहेबाने घसा खाकरला आणि बोलायला तोंड उघडलं.

गुणा सरळ मधून गेली. घोंगड्यावर चपलेसकट पाय पडला तिचा, तशा दोन-तीन बायका हळहळल्या. तिने केशरचा दंड धरला आणि तिला ओढत बायकांच्या मागे नेऊन देवळाच्या पायरीवर बसवलं. मग वळली. ती काय काय बोलली ते पुढे परशू लोकांना पुष्कळ दिवस सांगत असे आणि दर वेळी त्यात भर घालत असे. तिला स्वतःला एवढंच आठवतं की आवाज तिचा राहिला नव्हता. तिने पिशवीतून पाचवी प्रत काढली आणि मराठीत वाचली, पहिल्या ओळीपासून, सगळी नावं वाचली, त्यांची वयं वाचली, राजीखुशी वाचलं, आणि हे शुक्रवारीच मी माझ्या हाताने टाइप केलंय म्हणून सांगितलं. कारकून उठून उभा राहिला. साहेबाने त्याला हाताने खाली बसवलं. साहेबाला मराठी येत नव्हती, पण काहीतरी बिघडलं हे कळलं होतं.

"मी वाफोळीची हाय," गुणा नागूला म्हणाली. "राजीखुशी म्हणत्यात ती मी. ऐकलं असंल तुमी. तुमास्नी कानडी येतीया, बुधवंतमामा. समद्यास्नी येतीया. न्हाई म्हणायचं असंल तर न्हाई म्हणा, व्हय म्हणायचं असंल तर व्हय म्हणा, पर आपल्या तोंडानं म्हणा. पोरीला मधी घालू नगासा."

नागूचा मोकळा झालेला हात जागीच होता, केशरच्या पाठीच्या उंचीवर, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. तो गुणाकडे असा बघत होता की जणू तिने त्याला भर सभेत नागवं केलं. केलंच होतं. आता हे सगळं मोडणार, असं तिला वाटलं. आता हा म्हणणार, कोण बाई ही, आमी हिला वळखत न्हाई. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि थेट नागूलाच, हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, राजीखुशियिंद होगतीरा? राजीखुशीने जाणार ना?

नागूने धोतराचा सोगा तोंडावरून फिरवला. मग त्याने जी कानडी काढली ती हल्याळच्या बाजारातली होती, जाड, रांगडी, गिऱ्हाइकाला परत पाठवताना काढतात ती.

"होगंगिल्लरी," तो म्हणाला. जाणार नाही. आणि थोडं थांबून, जणू आपलाच आवाज कसा लागला ते तपासून, "कागदा मोदल ओद्री." कागद आधी वाचा.

झिलू म्हणून एक म्हातारा पुढे बसला होता, त्याने न उठताच तेच म्हटलं. मग त्याच्या सुनेने. मग सगळीकडूनच कानडी यायला लागली, बाजारची, नाटकातली, ट्रक ड्रायव्हरांकडून शिकलेली, आणि साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला, इतकी माणसं एकदम कशी बोलायला लागली म्हणून. कागद आज तरी भरला जाणार नव्हता. साहेब पुन्हा येणार होता, दुसरा कागद घेऊन, पोलीस घेऊनही कदाचित, आणि वासूशेट उद्या तिला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवणार होता. हे सगळं गुणाला दिसत होतं आणि तिला आनंद वगैरे झाला नाही. नुसता राग. बारा वर्षांपूर्वी ही एवढी कानडी कुठं होती, वाफोळीत, बारा घरांत मिळून एक वाक्य?

मागे कुणीतरी तिचा पदर ओढला. केशर पायरीवरून उतरून आली होती. दंडावर गुणाची बोटं लाल उमटली होती, आणि आजूबाजूला सगळी मोठी माणसं ओरडत होती, आणि तिला बोलू दिलं नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "माझं काय चुकलं?"

गुणा खाली बसली. हे असं जवळ घेऊन, हळुवार सांगायची गोष्ट होती, तेवढं तिला कळत होतं. पण तिला कधी कुणी हे सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते कसं सांगतात ते तिला येत नव्हतं. तिने पोरीचे दोन्ही खांदे धरले आणि तिच्या तोंडावर, भांडल्यासारखी ओरडली:

"काय न्हाई! तुझं कायबी चुकलं न्हाई, कळलं?"

केशर दचकून रडायला लागली. गुणाने तिला सोडलं नाही.